जांभळीपर्यंत

सोनीचे डोळे पहिल्यांदा फडफडले ते भातलावणीच्या शेवटच्या आठवड्यात. काशी गुडघाभर चिखलात वाकली होती आणि सोनी बांधावरून तरव्याच्या मुठी फेकत होती. एक मूठ फेकली की पोरगी दोन्ही डोळे घट्ट मिटायची, उघडायची, परत मिटायची. चिखल गेला असेल म्हणून काशीनं पदराचा बोळा तोंडाच्या वाफेनं गरम करून तिचे डोळे शेकले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काशी म्हणाली, "डोळं मिचकू नको गे, वाईट दिसतंय."

हे तिचं पहिलं 'नको'. पुढं तिनं किती वेळा नको म्हटलं, त्याला गणती नाही.

कानडी मुलखातल्या जोयडा तालुक्यात, कुंभारवाडा गावाच्या पलीकडं, दिग्गीच्या बाजूला, रानात पंधरा घरांची ती वाडी. मधे भाताचे कुणगे, म्हणजे छोटी खाचरं, चहूबाजूंनी रान, आणि दिवसातून एकदा आली तर आली अशी बस. एवढ्याशा वाडीत एका घरातलं दुसऱ्या घरापासून झाकून ठेवायचं म्हटलं तर ठेवणार कुठं? श्रावण लागला तसे सोनीचे डोळे थांबले, म्हणून काशीनं हुश्श केलं, तर मान सुरू झाली. डाव्या खांद्यावरून मागं कुणी हाक मारल्यासारखी पोरगी झटकन मागं वळायची. जेवताना, दळण निवडताना, शाळेला जाताना. त्यापाठोपाठ नाकातून 'हुं' असा आवाज. एकदा मान, एकदा हुं. कधी लागोपाठ सात-आठ वेळा, कधी अर्धा दिवस काहीच नाही. ते अर्धा दिवस काहीच नाही, हेच पुढं नडलं.

सासू पार्वती, तिनं आपल्या परीनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरचीचा ठसका कुणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर आहे, असं ठरलं. पार्वती तशी वाईट बाई नव्हती. "पोर सात वर्सांची हाय, दात पडत्यात. जाईल आपसूक," असं ती म्हणायची. पण काशीला ते पटत नव्हतं. सोनीला शिळ्या भाकरीपासून ताज्या ताकापर्यंत काय काय द्यायचं बंद केलं, तरी मान वळायची ती वळतच होती.

भांगलणीला बायका ओळीनं बसल्या होत्या. वरून पावसाची झिमझिम, अंगावर प्लास्टिकच्या खोळी, पायांना जळवा. सोनी बांधावर दप्तर घेऊन बसली होती. तिचं मधूनच हुं, मधूनच हुं. बायका तण उपटत होत्या आणि कान बांधावर लावून होत्या.

"काशे, पोरीला काय झालंय गे?" रेश्मानं विचारलं. रेश्मा म्हणजे काशीच्या नवऱ्याच्या, गणपतीच्या चुलतभावाची, परशूची बायको. काशीपेक्षा मोठी, म्हणून काशी तिला अक्का म्हणायची.

"काय न्हाई अक्का. सर्दी हाय."

"सर्दी मानेला झाली व्हय?"

बायका हसल्या. फार नाही, तण उपटायचं थांबवण्याइतकं नाही, पण हसल्या. काशीनं जळू ओढून काढली आणि चिरडली. रक्त तिचंच होतं. ती उठली, बांधावर गेली आणि पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "हुं हुं काय करतीस म्हशीगत? गप बस." सोनी गप बसली. बोटं चिखलात रुतवून, ओठ आत ओढून ती शंभर मोजेपर्यंत गप बसली. मग मान इतक्या जोरानं वळली की दप्तर पाण्यात पडलं.

गणपती अणशीच्या बाजूला जंगल खात्याच्या रोजंदारीवर होता. पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. या खेपेला आला, पोरीला बघितलं. सकाळी उठून म्हणाला, "चल, जोयड्याला जाऊ." बस चुकली म्हणून तिघं लाकडं वाहणाऱ्या टेम्पोतून गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती. कन्नड आणि मराठी मिसळून बोलायची. तिनं सोनीला जवळ बसवलं, शाळेचं विचारलं, मांजराचं विचारलं, आणि या सगळ्यात पोरीकडं टक लावून एकदाही बघितलं नाही. मग काशीला म्हणाली, "हे हिच्या हातात नाहीये. मुद्दाम करत नाही. बैयबेडी, होडेयबेडी. ओरडू नका, मारू नका. थांबव म्हणून सांगूच नका. थोडा वेळ दाबून धरेल, पण मग साठलेलं सगळं बाहेर पडेल. पुष्कळ मुलांचं वर्षभरात आपोआप कमी होतं."

"गोळी?" काशी म्हणाली.

"आत्ता गोळी नको."

"सुई?"

"काही नको. लक्ष देऊ नका, हेच औषध. मास्तरांना ही चिठ्ठी द्या." तिनं कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहून शिक्का मारला.

बाहेर आल्यावर गणपतीनं पोरीला भजी घेतली आणि खूश होऊन म्हणाला, "सुटलो बग. काय न्हाई म्हणाली." काशीनं भज्याला हात लावला नाही. दिवस मोडून यायचं आणि काही करू नका, एवढं ऐकून परत जायचं? ज्याला औषध नाही ते दुखणं कसलं? एवढ्या बोलण्यातलं एकच वाक्य तिनं पदराला बांधलं. थोडा वेळ दाबून धरता येतं. पुढचं तिनं ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं, आणि सोडून दिलं.

चिठ्ठी तिनं मास्तरांना दिली नाही. शिक्क्याचा कागद शाळेत गेला की पोर कायमची आजारी ठरेल, असं तिला वाटलं. कागद तांदळाच्या डब्यात तळाशी गेला.

*

गणपती अणशीला परत गेला आणि दोन दिवसांनी बुधवंत दारात आला. बुधवंत म्हणजे वाडीचा मुख्य. महाबळेश्वर त्याचं नाव, बोलायला मऊ माणूस. ओटीवर बसला, गुळाचा खडा खाऊन पाणी प्याला, पार्वतीशी रानडुकरांनी मोडलेल्या कुंपणाच्या वईविषयी बोलला, आणि मग विषयावर आला.

"नवं आठ दिवसांवर आलं, पार्वतीवैनी."

"व्हय की."

"औंदा पाळी तुमची. सोनी नेणार न्हवं?"

हळवं, म्हणजे लवकर येणारं भात पिकलं की वाडीत नवं करतात. देवाच्या कुणग्यातली पहिली कणसं कापून त्यांची जुडी बांधतात, आणि ती डोक्यावर घेऊन एक लहान पोर देवळीपर्यंत चालत जाते. पोरीचे दुधाचे दात पडायला लागलेले असावेत आणि ती अजून न्हाती-धुती झालेली नसावी. वाटेत तिनं तोंडातून आवाज काढायचा नाही आणि मागं वळून बघायचं नाही. मागं बघितलं तर पिकाची लक्ष्मी तिथूनच मागं फिरते. जुडी न्यायचा हक्क मूळ घराचा, म्हणजे गणपतीचा. पण सोनी लहान होती म्हणून दोन वर्षं परशूच्या रक्षानं नेली होती.

महाबळेश्वरनं विडीचं टोक दातानं तोडलं. "माझं काय न्हाई. पण लोकं म्हणत्यात, पोरीची मान मागं फिरती. वाटेत फिरली तर? औंदा पण रक्षानं नेली तर चालंल असं लोकं म्हणत्यात."

"आणि तिसऱ्या वर्साला पण तिथनंच गेली, तर हक्क तिथंच बसला," पार्वती म्हणाली.

"ती रीतच हाय वैनी. मी न्हाई केलेली."

काशी दाराआड उभी होती. या घरात येऊन तिला दहा वर्षं झाली होती. दोनदा पोट पडलं, तिसरी सोनी, त्यानंतर काही नाही. मुलगा नाही म्हणून वाडीतल्या कुठल्या ओटीभरणीला तिला कुणी पुढं बोलावत नव्हतं. नव्याच्या दिवशी मात्र जुडी नेणाऱ्या पोरीच्या मागं तिची आई हातात दिवा घेऊन चालते, आणि नव्या तांदळाचा पहिला घास तिच्या पानावर वाढतात. दोन वर्षं तो घास रेश्माच्या पानावर पडलेला काशीनं बघितला होता. दोन्ही वर्षं तिनं हसतमुखानं वाढलं होतं. ते हसणं किती जड गेलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

ती दाराआडून पुढं आली. बुधवंतासमोर असं कधी बोलली नव्हती. "माझी पोर नेईल. मान हलणार न्हाई तिची. हूं का चूं करणार न्हाई."

"बघ हां. सगळ्या वाडीचं पीक हाय."

"म्हणलं न्हवं, हलणार न्हाई."

महाबळेश्वर उठला. सोनी अंगणात मांजराशी खेळत होती, आणि तिची मान अगदी निवांत होती. "बरीच की," असं म्हणून तो गेला.

*

दुसऱ्या दिवसापासून काशीनं पोरीला शिकवायला घेतलं. संध्याकाळी भांगलण संपली की बायका घरी जायच्या आणि या दोघी मागं राहायच्या. कुणग्याच्या या टोकापासून बांध सरळ जांभळीच्या झाडापर्यंत जायचा, दोनेकशे पावलं. काशीनं पोरीच्या डोक्यावर गवताची चुंबळ ठेवली, चुंबळीवर पाण्यानं भरलेला पितळी तांब्या, आणि निरगुडीचा एक फोक काढून हातात घेतला.

"जांभळीपर्यंत चल. पाणी सांडायचं न्हाई."

पहिल्यांदा दहा पावलांवर तांब्या गडगडला. काशीनं तो परत भरला. दुसऱ्यांदा वीस पावलं झाली. फोक पोटरीवर बसला. तिसऱ्यांदा सोनी रडायला लागली, आणि रडताना मान आणि हुं दोन्ही इतकी वाढली की तांब्या डोक्यावर राहीचना.

"आई, मी करत न्हाई ते. आतनं येतंय."

"आतनं काय येतंय?"

सोनीनं विचार केला. "शिंक कशी येती. तशी मानेत येती."

"शिंक पण दाबता येती. देवळात दाबतेस न्हवं?"

"दाबली की मोठी व्हती."

"व्हऊ दे मोठी. जांभळीपर्यंत धर. जांभळीखाली गेलं की मग सोड, मी काय म्हणणार न्हाई."

हा सौदा पोरीला पटला. लहान पोरांना हद्द आखून दिली की बरं वाटतं. चौथ्या दिवशी ती जांभळीपर्यंत पोचली. कशी पोचली, ते काशीनं नीट बघितलं नाही, कारण ती तांब्याकडं बघत होती. सोनीनं गालाची आतली बाजू दाढेखाली धरली होती, पायाची बोटं मातीत आवळत ती चालत होती आणि पापणी हलवत नव्हती. जांभळीखाली तिनं तांब्या खाली ठेवला, आईकडं बघितलं आणि विचारलं, "आता सोडू?"

"सोड."

आणि पोरीनं सोडलं. मान फटाफट मागं, खांदे वर, हुं हुं हुं, असं कितीतरी वेळ चाललं. काशी तोंड फिरवून फोकानं गवत मारत उभी राहिली. तिला ते बघवत नव्हतं. पण तांब्यात पाणी काठोकाठ होतं, आणि ते बघून तिला जो आनंद झाला, तो काही तिला लपवता आला नाही. तिनं पोरीला कडेवर घेतलं. सात वर्षांची घोडी कडेवर मावेना, तरी घेतलं आणि घरापर्यंत नेलं.

रात्री सोनीनं भाकरी बाजूला सारली. "तोंड झोंबतंय," म्हणाली. पार्वतीनं बोट घालून बघितलं. गालाला आतून जखमा पडल्या होत्या.

"काशे, पोरगी स्वतःला चावून घेती गे."

"चार दिवस ऱ्हायलेत आत्या."

पार्वतीनं गालाला लोणी लावलं. खरं सांगायचं तर तिलाही हक्क हवा होता.

*

नव्याच्या दिवशी सकाळी ऊन-पाऊस चालू होता. देवाच्या कुणग्यावर सगळी वाडी जमली. महाबळेश्वरनं विळ्याला कुंकू लावून कणसं कापली, आंब्याच्या पानांत जुडी बांधली आणि सोनीच्या डोक्यावर ठेवली. काशीनं पोरीला नवं परकर-पोलकं घातलं होतं, वेणीत सोनटक्का माळला होता. रेश्मा रक्षाला तसंच परकर-पोलकं घालून घेऊन आली होती. कशाला, ते कुणी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. वेळ पडली तर हाताशी असावी म्हणून, दुसरं काय.

सोनी निघाली. मागं काशी दिवा घेऊन, तिच्यामागं वाडी. नव्याच्या वाटेवर वाजवत नाहीत, बोलत नाहीत. चिखलात पावलांची पचपच तेवढी. कडेनं रेश्माचा थोरला सूरज मोबाइल धरून पुढं-मागं धावत होता. तो जोयड्याला कॉलेजात होता आणि दिसेल ते टिपून घ्यायचा.

काशीला पुढं दिसत होती ती फक्त पोरीची मान. जुडीखाली दोन वेण्या, वेण्यांच्या मधे घामानं भिजलेली गोरटी कातडी. बांध संपेपर्यंत काही नाही. ओहळाच्या साकवावर आल्यावर डाव्या बाजूची शीर वर आली. काशीला ती स्पष्ट दिसली, कातडीखाली ताणलेली, थरथरणारी. कान लालभडक झाले. जुडी धरलेली बोटं पांढरी पडली. साकव पोफळीच्या दोन खोडांचा, शेवाळलेला. सोनीचा पाय घसरला, मागच्या बायकांच्या तोंडून 'अगे' निघालं, आणि सगळ्यांना वाटलं, आता ही मागं बघणार. कुणीही बघितलं असतं. सोनीनं बघितलं नाही. पाय सावरला आणि चढाला लागली.

काशीनं दिव्याला पदराचा आडोसा धरला. धर माझे आई, धर, असं ती मनात म्हणत होती. देवाला म्हणत होती का पोरीला, ते तिलाही कळलं नसतं.

देवळीच्या पायरीवर जुडी उतरली आणि समेळाची थाप पडायला लागली. बायकांनी काशीला कुंकू लावलं. महाबळेश्वर मोठ्यानं हसून म्हणाला, "आरे वा! पोरीनं पापणी न्हाई हलवली की!"

"मग? इतके दिवस काय सोंग करत व्हती काय?" रेश्मानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

इथं काशीनं गप्प राहायचं होतं, किंवा डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगायचं होतं. पण तिच्या कपाळावर सगळ्या वाडीचं कुंकू होतं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा लोक तिच्या तोंडाकडं बघत होते. ती म्हणाली, "मी म्हणलंच व्हतं बुधवंतास्नी. मनात आणलं की थांबवती ती. तिच्या मनावर हाय सगळं."

सूरजच्या मोबाइलनं हेही टिपलं.

सोनी पायरीजवळ उभी होती. तिनं काशीचा पदर ओढला. दात न उघडता पुटपुटली, "आई, सोडू?"

"थांब. गाऱ्हाणं व्हऊ दे."

गाऱ्हाणं झालं. कणसं घरोघर वाटली. मूळ घराच्या अंगणात पानं मांडली. पोरीनं परत पदर ओढला. तिचे डोळे पाण्यानं भरले होते आणि हनुवटी एका जागी थरथरत होती.

"थांब गे, पहिला घास वाढत्यात. सगळी बघत्यात."

पहिला घास काशीच्या पानावर पडला. नवा तांदूळ, गूळ, नारळाचं दूध. तिनं तो खाल्ला. गोड होता, आणि तिनं तो चवीनं खाल्ला, ही गोष्ट तिला पुढं फार दिवस जाळत राहिली. घास गिळून बाजूला बघते तर पोरगी तिथं नव्हती.

सोनी घरामागं गोठ्यात सापडली. खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होती आणि मान अशी मागं-पुढं आपटत होती की खांब वाजत होता. हुं नव्हतं ते आता, पोटातून ओरडल्यासारखं काहीतरी निघत होतं. म्हैस दावं ताणून लांब सरकली होती. काशीनं धावत जाऊन आपला तळवा खांब आणि पोरीचं डोकं यांच्या मधे घातला. बोटांच्या हाडांवर डोकं बसत राहिलं. पोलक्यावर लाळ आणि रक्त ओघळलेलं होतं. "सोड बाय, सोड, सगळं सोड," असं ती म्हणत राहिली. पण आता हे म्हणायची कुणाला गरज नव्हती. पंगत उठून भांडी घासून झाली, तरी पोरगी थांबली नव्हती. शेवटी दमून शेणातच झोपली.

*

शनिवारी गणपती घरी आला तो हसत. अणशीला नेटवर्क असतं, त्याला तिथंच व्हिडिओ मिळाला होता. "चार वेळा बघितला. साहेबास्नी पण दावला. माझी पोर बरी झाली म्हणलं."

काशीनं त्याला पोरीचं तोंड उघडून दाखवलं. त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डॉक्टरीण काय म्हणाली व्हती, काशे?"

ती पोरीची हनुवटी पुसत राहिली.

"तुझ्या म्होरंच म्हणाली न्हवं? माझ्या एकट्याच्या कानात न्हाई सांगितलं." तो आवाज चढवत नव्हता, हेच वाईट. मग पार्वतीकडं वळून म्हणाला, "आणि आई, तू?"

"तुझं घर ऱ्हावं म्हणून केलं बाबा," पार्वती म्हणाली आणि उगीच सूप पाखडायला लागली.

सोमवारी सोनी शाळेतून आली ती तळवे लाल घेऊन. मास्तरांच्या मोबाइलवरही व्हिडिओ पोचला होता. आतापर्यंत ते तिच्या मानेकडं कानाडोळा करत होते. आजारी असेल, आपल्याला काय करायचंय, असं त्यांचं चाललं होतं. आता त्यांना कळलं होतं की पोरगी आजारी नाही, नाठाळ आहे.

काशीनं तांदळाच्या डब्यात हात घातला. चिठ्ठी काढली, कोंडा झटकला आणि तशीच शाळेत गेली. मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"ही तारीख पंधरवड्यापूर्वीची आहे."

"व्हय."

"तेव्हा का नाही दिलीत?"

काशी चिठ्ठीवरच्या शिक्क्याकडं बघत राहिली.

"हे बघा बाई, डॉक्टर म्हणतात तिच्या हातात नाही. मी म्हणत नाही ते खोटं आहे." मास्तरांनी मोबाइल काढला, बोटानं पुढं सरकवला आणि तिच्यासमोर धरला. छोट्या काचेत काशी उभी होती, कपाळभर कुंकू, हसतेय. मनात आणलं की थांबवती ती. तिच्या मनावर हाय सगळं. "हे तुम्हीच ना? मग आईचं खरं धरायचं का डॉक्टरचं? देवाच्या वाटेवर अर्धा तास गप्प राहते, आणि माझ्या वर्गात नाही राहता येत?"

"त्या दिवशी गोठ्यात काय झालं ते बघितलं न्हाईसा तुमी, मास्तर."

"त्याचा कुठं व्हिडिओ आहे?" मास्तर म्हणाले. ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तिथून ती थेट महाबळेश्वरकडं गेली. तो वई बांधत होता. तिनं उभ्या उभ्या सांगून टाकलं, "म्होरल्या वर्सापासनं जुडी रक्षाला द्या. आमचा हक्क परशूच्या घरात जाऊ दे."

महाबळेश्वरनं कोयता खाली ठेवला. "असं कसं? औंदा पीक बघ कसं आलंय. डुकरं पण फिरकली न्हाईत नव्यापासनं. पोरीचा पायगुण हाय. आता सोनीच नेईल, न्हाती व्हईपर्यंत."

"तिला तरास व्हतोय बुधवंत."

"तरास?" तो हसला. "तूच म्हणलीस न्हवं, तिच्या मनावर हाय?"

*

कापणी सुरू झाली. काशी सकाळपासून कुणग्यात वाकलेली असायची. विळा चालायचा, मूठ भरायची, आडवी पडायची. चार वाजता शाळा सुटली की सोनी बांधावरून यायची. हल्ली ती शाळेत हलत नव्हती. मास्तर खूश होते. वहीत त्यांनी 'सुधारणा आहे' असं लिहिलं होतं. सकाळी दहापासून चारपर्यंत गालाचं मांस दाढेखाली धरून पोरगी फळ्याकडं बघत बसायची, आणि काय शिकवलं म्हणून विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

काशीनं तिला दहा वेळा सांगितलं होतं, "आता धरू नको बाय. कुठं बी सोड. मास्तरांम्होरं सोड, बुधवंताम्होरं सोड, मी हाय." पोरीनं ऐकून घेतलं होतं. पण सांगताना आईच्या हातात काय आहे, तेही ती बघून घ्यायची. विळा असायचा किंवा काहीच नसायचं. फोक काशीनं केव्हाच चुलीत घातला होता.

त्या दिवशी कुणग्यात सावडीला, एकमेकींच्या मदतीला, सगळ्या बायका होत्या. चार वाजले, सोनी आली. जांभळीखाली येऊन थांबली. दप्तर खाली ठेवलं, दोन्ही हात परकराला पुसले. तिच्या मानेची शीर वर आलेली काशीला लांबून दिसली. काशी विळा टाकून जांभळीकडं गेली.

"आई, आता सोडू?"

काशीनं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून बायकांचा आवाज आला. भाताचे भारे डोक्यावर घेऊन रेश्मा आणि बाकीच्या बांधावरून याच वाटेनं येत होत्या, दहा पावलांवर. सूरज पुढं होता. रेश्मानं भाऱ्याखालून बघितलं आणि हसून विचारलं, "काय गे, लक्ष्मीबाय आली काय शाळेतनं?"

आणि काशीच्या तोंडून निघालं, "थांब. त्या जाऊ देत."

शब्द बाहेर पडले आणि तिला कळलं. परत गिळता आले असते, तर तिनं विळ्यासकट गिळले असते.

बायका एकेक करून गेल्या. भाऱ्यांची सळसळ झाली, वाळलेली कणसं सोनीच्या केसांवर पडली. सोनी ताठ उभी होती, गाल आत ओढलेला, नजर समोर. शेवटची बाई गेली तरी ती हलली नाही. आईनं सांगायची वाट बघत राहिली.